वाक्यातलं वऱ्हाड

पळाला होता बैल. पण सोलापूरच्या बाळीवेशीत धोंडीराम मास्तरांच्या इंग्रजीच्या क्लासात बसलेल्या झाडून सगळ्यांचं एकमत होतं, की पळाला तो शेतकरी.

मास्तरांनी फळ्यावर वाक्यच तसं घातलं होतं. 'द बुलक विच द फार्मर हू लिव्ह्ज इन अकलूज बॉट लास्ट इयर रॅन अवे.' आणि विचारलं होतं, "पळालं कोण?" चंद्रव्वानं सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"शेतकरी, सर. अकलूजचा."

"अन् तो कशापायी पळंल?"

"बैल घेतला न् बैलासकट पसार झाला की."

वर्ग हसला नाही, कारण वर्गाचंही तेच म्हणणं होतं. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि खडूची पाच बोटं कपाळावर उमटली, तेव्हा मात्र वर्ग हसला. "अकलूजच्या कुणी ऐकलं तर माझ्यावर फिर्याद होईल, पोरी," असं म्हणून मास्तर वाक्य न पुसताच चहा प्यायला घरात गेले.

चंद्रव्वा फळ्याकडं बघत बसली. तिला हसू येत नव्हतं. असल्याच एका वाक्यानं गेल्या साली तिच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

झालं होतं असं. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरच्या जागा निघाल्या. चंद्रव्वा मॅट्रिक पास, इंग्रजीत काठावर का होईना पण पास, आवाज खणखणीत. लेखी परीक्षेतनं ती निघाली. तोंडी परीक्षेत साहेबांनी नियमाचं पुस्तक पुढं सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'द सबस्क्रायबर हू बुक्ड द कॉल विच द ऑपरेटर कॅन्सल्ड मस्ट बी इन्फॉर्म्ड.' चंद्रव्वानं ती ओळ अशी घडाघडा वाचली की साहेब खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "कळवायचं कुणाला?"

"ऑपरेटरला."

साहेब भला माणूस. हसू दाबत म्हणाला, "बाई, ऑपरेटर तुम्हीच होणार ना? मग तुमचं तुम्हालाच कळवणार?"

संपलं. जागा गेली. घरी येईपर्यंत तिला कळलंसुद्धा नव्हतं की चुकलं काय. वाचता येत होतं, शब्दही सगळे ठाऊक होते, आणि तरी अर्थ हाताला लागत नव्हता. याच्यासारखा संताप दुसरा नाही. शब्दच येत नसते तर माणूस गप बसतो तरी.

आता दुसरी खेप आली होती, आणि ती शेवटची होती. एक तर पुढच्या साली ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. दुसरं म्हणजे वळसंग.

चंद्रव्वा ही चनमल्लप्पा मांडववाल्याची थोरली लेक. वळसंगला दिली होती. नवऱ्यानं तिच्या डोळ्यांदेखत दुसरी बायको आणली, तेव्हा ही बाई रडली नाही, भांडली नाही. आपली ट्रंक उचलली आणि सोलापूरच्या एस्टीत बसली. त्याला आता बरीच वर्षं लोटली. आणि एवढ्या वर्षांनी वळसंगकरांना तिची आठवण झाली होती. दुसरीला दिवस गेलेत, घरात करायला माणूस नाही, चंद्रव्वाला धाडून द्या, असा निरोप आला. निर्लज्जपणाला काय शिंगं असतात?

चनमल्लप्पा वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. तो लेकीला समोर बसवून म्हणाला, "अव्वा, ह्या टायमाला हाफिसात लागलीस तर त्यास्नी तोंडावर न्हाय म्हणून सांगतो. न्हाय लागलीस तर पाऊस लागायच्या आत तुला पोचवतो. मी लोकांच्या तोंडाला कुटवर पुरू, सांग."

चंद्रव्वा म्हणाली, "लागते की." म्हणाली खरी, पण अकलूजचा शेतकरी तिच्या मानगुटीवर बसला होता.

तो उन्हाळा लग्नांचा होता. दुष्काळात खोळंबलेली लग्नं एकदम सुटली होती. चनमल्लप्पाचे मांडव एका दारातून उतरायचे आणि दुसऱ्या दारात चढायचे. भांडी, सतरंज्या, कनाती त्याच्या, आणि मांडवाच्या दारात गुलाबदाणी घेऊन उभी राहणारी लेकही त्याचीच. चंद्रव्वाचं काम एकच. येईल त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडायचं, हसायचं आणि विचारायचं, "कोणाकडचे?" नवऱ्याकडचे म्हटलं की उजवीकडं, नवरीकडचे म्हटलं की डावीकडं. मानाचा असेल तर गादीवर, नसेल तर सतरंजीवर. चनमल्लप्पा व्याही मंडळींना कानडीत 'बीगरु' म्हणायचा, आणि त्याची शिकवण होती, "बीगरु आले की पयलं विचार, मग बसव. न विचारता बसवलंस की रुसवा झालाच म्हणून समज."

दाराशी उभं राहायचं असलं की ती पदराच्या टोकाला एक इंग्रजी शब्द मनातल्या मनात बांधून आणायची. त्या दिवशीचा शब्द होता 'रिलेटिव्ह'. मास्तर सारखे रिलेटिव्ह क्लॉज, रिलेटिव्ह क्लॉज करायचे. मराठीत त्याला संबंधी उपवाक्य म्हणायचे, आणि ते ऐकून तर डोक्यात आणखी काळोख व्हायचा. शेवटी तिनं शब्दकोश उघडला होता. रिलेटिव्ह म्हणजे नातेवाईक. झालं. तिनं तेवढंच घेतलं आणि कोश मिटला.

लग्न अक्कलकोटच्या वऱ्हाडाचं. एकामागून एक बैलगाड्या लागत होत्या. एक आजीबाई गुलाबपाणी घेऊन पुढं गेली, परत वळली आणि चंद्रव्वाला खालीवर न्याहाळत म्हणाली, "सगळ्यास्नी इचारतीस, तू गं कोणाकडची?"

साधा प्रश्न. पण चंद्रव्वानं सांगायचं काय? वळसंगकडची म्हणवत नव्हतं, आणि बापाकडची म्हणायचं तर बाप पोचवायला निघाला होता. म्हातारी उत्तराची वाट न बघता पंगतीकडं गेली. चंद्रव्वाला फार लागलं ते. डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते गुलाबपाण्यावर ढकललं.

तेवढ्यात पुढचा पाहुणा उभा राहिला. तांबडा पटका, हातात आसूड.

"कोणाकडचे?"

"मी व्हय? नवरदेवाचा मामा हाय न्हवं, त्येचा साडू वागदरीला ऱ्हातो, त्येच्या शेजारचा."

चंद्रव्वानं सवयीनं हिशेब लावला. हा शेजारी साडूकडचा, साडू मामाकडचा, मामा नवऱ्याकडचा. पाहुण्याचा पाहुणा, त्याचा पाहुणा. म्हणजे सतरंजी. आणि इतकी सगळी नावं घेतली गेली तरी बोहल्यावर उभा राहणारा नवरदेवच, हा पटकेवाला नव्हे, साडू नव्हे, मामाही नव्हे...

हातातली गुलाबदाणी तशीच राहिली. 'हू लिव्ह्ज इन अकलूज' कोणाकडचं? शेतकऱ्याकडचं. बस तिकडं. 'विच द फार्मर बॉट लास्ट इयर' कोणाकडचं? बैलाकडचं. शेतकरी आपल्या सगळ्या गोतावळ्यासकट बैलाकडनं आलेला पाहुणा. तूही बस. सगळे बसले. आता उभं राहिलं कोण?

"बैल पळाला!" चंद्रव्वा ओरडली.

पटकेवाल्याचा चेहरा उतरला. "कुटं? कुणाचा?" म्हणत तो आला तसा आसूड घेऊन गाड्यांकडं धावला, त्याच्यामागं आणखी दोघं धावले, आणि मांडवाच्या दारात एकटी चंद्रव्वा पोट धरून हसत राहिली. बैल जागेवर रवंथ करत होते म्हणून बरं, नाहीतर चनमल्लप्पाचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती क्लासात गेली तीच उड्या मारत. मास्तर खुर्चीत टेकायच्या आत म्हणाली, "सर, बैलच पळाला. शेतकरी नुसता पाहुणा हाय."

"पाहुणा?"

"रिलेटिव्ह म्हंजे नातेवाईक न्हवं का? वाक्य म्हंजे लगीन, सर. नवरदेव एक अन् त्यानं करायचं काम एक. बाकीचं समदं वऱ्हाड. हू आला, विच आला, हूज आली, की दारातच इचारायचं, कोणाकडचे. त्येच्या म्होरंच जो उभा असंल त्येच्याकडचे असत्यात बहुतेक. त्याच्यापाशी बसवून टाकायचं. समदे बसले की जे दोघं उभे ऱ्हातील, ते नवरदेव अन् त्याचं काम."

मास्तर तोंड उघडून म्हणाले, "अगं, रिलेटिव्हचा व्याकरणातला अर्थ नातेवाईक न्हवं..." आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठले आणि फळ्यावर एक वाक्य लिहिलं, आधीच्यापेक्षा लांब. चंद्रव्वानं बसवलं. आणखी एक लिहिलं, त्याच्यात तीन पाहुणे. तिनं एकेकाला दंडाला धरून बसवलं. मास्तरांचा हात भराभर चालू लागला. शेजारी बसणारी शिवबाई, जी टेलिफोनचीच परीक्षा देत होती आणि एरवी वर्गात तोंड उघडायची नाही, तीसुद्धा ओरडायला लागली, "ह्यो कोणाकडचा? बसव त्याला!" असला कल्ला उठला की मास्तरांच्या बायकोला वाटलं, घरात भांडण लागलं.

"आता कळलं तुमचं कुठं अडत होतं ते," मास्तर धापा टाकत म्हणाले. "आपल्या भाषेत 'जो' आला की मागनं 'तो' येतोच. जो बैल घेतला, तो पळाला. 'तो' आला की आपण समजतो, आता मुद्द्याचं. इंग्रजीत 'जो' येतो अन् 'तो' काही येत नाही. तुम्ही आपले शेवटाला जवळ कोण दिसतो त्याच्या गळ्यात काम बांधता."

पण मास्तरही काही कमी नव्हते. जाता जाता त्यांनी अजून एक घातलं. 'द बुलक द फार्मर बॉट रॅन अवे.' आणि म्हणाले, "ह्यात हू न्हाय, विच न्हाय. बसव आता."

चंद्रव्वाची गाडी रुतली. पाहुणा दारावर आवाज न देताच आत शिरला होता. ती घरी जाईपर्यंत पुटपुटत राहिली. बैल शेतकरी, बैल शेतकरी. दोघं खांद्याला खांदा लावून उभे, आणि मधे शब्द नाही. असं लग्नात कधी होतं? आणि तिला आठवलं. रुसलेले व्याही! शेजारी शेजारी उभे राहतात आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. परक्याला वाटतं, ह्यांची ओळखच नसंल. पण नातं असतं, नुसतं बोलून दाखवत नाहीत. म्हणजे दोन नावं खेटून उभी दिसली आणि मधे कुणी बोलेना, की समजायचं, इथं एक 'विच' गिळलाय. ती रस्त्यातच टाळी वाजवून मोकळी झाली. नवी पेठेतल्या माणसांनी वळून बघितलं. बघू देत.

त्या उन्हाळ्यात चंद्रव्वाला वाक्यांचं वेडच लागलं. पुड्या बांधून आलेला इंग्रजी पेपर ती सुरकुत्या काढून वाचायची. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचायची. वाक्य जितकं लांब तितकी तिला मजा यायची. मोठं वऱ्हाड आलं की तिचा हुरूप वाढायचा तसाच. चनमल्लप्पा जेवताना म्हणायचा, "पोर भाकरीला बी इचारंल आता, कोणाकडची म्हणून."

तोंडी परीक्षा झाली. बरी झाली. पण साहेबांनी 'कळवू' म्हटलं आणि कळवलं काहीच नाही. दिवस जात राहिले. आभाळात ढग यायला लागले. वळसंगचा दुसरा निरोप आला. एका दुपारी चनमल्लप्पानं माळ्यावरची ट्रंक खाली काढली, फडक्यानं पुसली आणि चंद्रव्वाच्या अंथरुणापाशी ठेवली. संध्याकाळची एस्टी होती. चंद्रव्वानं ट्रंक उघडली नाही. ती नुसती तिच्याकडं बघत बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपली कीव आली.

तेवढ्यात दारात शिवबाई. "चल, चंद्राक्का. हाफिसात बोर्डावर काय तरी लावलंय म्हणं."

दोघी धावतच गेल्या. टेलिफोन ऑफिसच्या भिंतीवरच्या बोर्डापुढं गर्दी होती, पण ती पांगत होती. येणारा प्रत्येक जण वाचायचा, मान हलवायचा आणि सायकल काढायचा. "गेलं. रिग्रेट लिहिलंय," एक जण म्हणाला. "रिग्रेट हाय, फेल हाय, वर नॉट हाय. अजून काय पायजे?" खाली चार-पाच नावं होती. चंद्रव्वाचं होतं, शिवबाईचं होतं. "नापासांची नावं कशाला लावत्यात भिंतीला?" शिवबाई म्हणाली, पायरीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

 चंद्रव्वालाही तेच तीन शब्द आधी दिसले होते. रिग्रेट. फेलिंग. नॉट. तिला एस्टी दिसली, वळसंगची वेस दिसली. ती वळलीसुद्धा.

आणि थांबली. दारात उभ्या माणसाचा चेहरा बघून कुणी त्याला बसवतं का? आधी विचारायचं.

ती बोर्डाला नाक लावून पहिल्यापासून वाचू लागली. 'द कँडिडेट्स द अंडरसाइन्ड रिग्रेट्स हॅविंग केप्ट वेटिंग, अँड हूज नेम्स अपिअर बिलो, आर डायरेक्टेड टु रिपोर्ट टु रूम नंबर टू बिफोर फोर पी. एम. टुडे, फेलिंग विच दे विल बी ट्रीटेड ॲज नॉट इंटरेस्टेड.'

बाप रे. आख्ख्या अक्कलकोटचं वऱ्हाड.

कँडिडेट्स, आणि लगेच अंडरसाइन्ड. खेटून उभे, मधे शब्द नाही. रुसलेले व्याही! म्हणजे इथं एक 'हूम' गिळलाय. रिग्रेट कोणाकडचं? खाली सही करणाऱ्या साहेबाकडचं. कशाचं रिग्रेट? वेटिंगचं, ताटकळत ठेवल्याचं. म्हणजे साहेब माफी मागतोय, हाकलत न्हाय. अंडरसाइन्ड, तुमी हितं बसा, रिग्रेट घेऊन. 'हूज नेम्स' कोणाकडची? कँडिडेटकडची. बसा. उभं कोण राहिलं? कँडिडेट्स. काम काय? आर डायरेक्टेड टु रिपोर्ट. हजर व्हा. 

पण शेवटी तो फेलिंग उभाच होता. फेलिंग विच. हा 'विच' कोणाकडचा? त्याच्या पुढं उभा होता टुडे. टुडेकडचा? छे. फोरकडचा? न्हाय. एकेका नावाला लावून बघितलं, कुणीच त्याला ओळख देईना. मग हा कोणाचाच कसा? तिला मांडवातला आचारी आठवला. त्याला विचारलं कोणाकडचा, तर तो काय सांगणार? ना नवऱ्याचा, ना नवरीचा. आख्ख्या लग्नाकडचा. तसा हा 'विच' आख्ख्या वाक्याकडचा. जे वर सांगितलंय, ते सगळं. ते फेल झालं तर, म्हणजे ते केलं नाही तर, आज चारच्या आत हजर झाला नाहीत तर, तुम्हाला नोकरीत रस नाही असं धरलं जाईल. चंद्रव्वा फेल नव्हती. फेल व्हायची असेल तर ती आत्ता, इथून घरी गेल्यावर होणार होती.

तिनं आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. चारला काही मिनिटं बाकी होती. तिनं शिवबाईचं मनगट धरलं आणि ओढलं.

"ऊठ. आपुन पास झालोय."

"रिग्रेट हाय की गं तितं."

"रिग्रेट साहेबाला झालंय. आपल्याला नोकरी झालीय. चल."

दोघी व्हरांड्यातनं पळाल्या. चंद्रव्वाची एक चप्पल मागं राहिली, ती तिनं राहू दिली. दोन नंबरच्या खोलीच्या दारात पोचल्या तेव्हा आत एकटा हेडक्लार्क टेबल आवरत होता. पाच रिकाम्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि एकीवरही माणूस नव्हता. त्यानं मान वर करून ह्या घामेजलेल्या, धापा टाकणाऱ्या दोन बायकांकडं बघितलं. आपल्याकडं सरकारी ऑफिसात कुणी उगाच येत नाही. कुणाचा तरी भाचा असतो, कुणाची तरी चिठ्ठी असते. त्यानं चंद्रव्वाला सवयीनं विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?"

चंद्रव्वानं दाराला हात टेकून श्वास घेतला. तोच प्रश्न. साऱ्या जन्मात तिनं हजारांना विचारलेला, आणि त्या आजीबाईनं विचारला तेव्हा तिला न सुटलेला. ह्या खेपेला उत्तर आपसूक आलं.

"मी कोणाकडची न्हाय, साहेब," ती म्हणाली. "ह्या वाक्यात कर्ता मीच हाय."

हेडक्लार्कला काय कळलं कोण जाणे. त्यानं घड्याळाकडं बघितलं, तिच्या एका अनवाणी पायाकडं बघितलं आणि पहिल्या खुर्चीकडं हात केला. "बसा," तो म्हणाला.

आजवर दुसऱ्यांना बसवत आलेली चंद्रव्वा खुर्चीत बसली.